मोफत, पण हद्दीपर्यंतच

पंच्याहत्तरीनंतर एसटी कुठेही फुकट, असं म्हणतात. बरोबर आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ पूर्ण झालेल्यांना तिकीट माफ आहे (६५ ते ७५ ला अर्धं). पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आमचे काका कोल्हापूरहून कर्नाटकातल्या निपाणीला निघाले, तर कागलच्या पुढचे पैसे त्यांना द्यावेच लागले. कंडक्टरने समजावून सांगितलं, तरी काका निपाणी येईपर्यंत पुटपुटत होते.

आणि वय मोजतात ते कागदावरचं. आमच्या आत्याला सत्त्याहत्तरावं चालू आहे, पण आधारवर कुणीतरी अंदाजाने घातलेलं साल पाच वर्षं पुढचं. त्यामुळे ती अजून अर्ध्या तिकिटातच. अशा अंदाजाच्या नोंदीत तारीख बहुधा १ जानेवारी पडते; कार्डावर ती दिसली, तर आधी तपासा.