ज्येष्ठ नागरिक मंडळाचं निवेदन दिलं, पुढे काहीच हालचाल नाही. काय करावं?

दक्षिण_नागपूरकर

नमस्कार. रिंग रोडलगतच्या आमच्या वस्तीत ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे, बहुतेक सत्तरीच्या पुढचे. रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा बसथांब्याची शेड काढली, ती परत लागलीच नाही. मे महिन्यात पारा 45 वर असताना आमची माणसं पानठेल्याच्या ताडपत्रीखाली बसची वाट पाहत उभी राहतात.

हिवाळ्यात आम्ही लेटरहेडवर निवेदन दिलं. थांब्याला शेड आणि बाक, बगिच्यातल्या संडासाचं कुलूप काढणं, सिटी बसमध्ये मोफत प्रवास, रेल्वेची सवलत परत सुरू करणं आणि ईपीएस (भविष्य निर्वाह निधीतल्या कामगारांची पेन्शन योजना) पेन्शन साडेसात हजार, अशा मागण्या होत्या. साहेबांनी चहा पाजला, फोटो काढला, पेपरात बातमीही आली. तेव्हापासून कोणी फोन उचलून नाही राहिलं. काही जण म्हणतात धरणं देऊ, काही म्हणतात सोडा आता. कोणाला अनुभव आहे का?

आवक_जावक_ताई

भाऊ, मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर अख्खी नोकरी काढली. तुमच्या निवेदनाचं काय झालं असेल ते न पाहता सांगते. साहेबांच्या हातात दिलेला कागद बहुतेक वेळा साहेबांच्याच टेबलावर राहतो, पुष्पगुच्छासोबत आलेला तर हमखास. आवक रजिस्टरला चढला नाही म्हणजे सरकारदरबारी तो आलाच नाही. तुमच्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक आहे का ते आधी पाहा.

समजा नंबर पडला, तरी पाच मागण्यांचा कागद मार्क कोणाला करायचा? रेल्वेची सवलत मार्च 2020 मध्ये रेल्वेने बंद केली. ईपीएस केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडे. मोफत प्रवासाचं म्हणाल तर 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना फुकट आहे ते एसटीत, 65 ते 75 ला अर्धं तिकीट. सिटी बसचा निर्णय महापालिकेचा. असा सरमिसळ कागद आला की आम्ही वर "सर्व संबंधित" लिहायचो. ते लिहिलं की कागद मेला.

म्हणून आधी फक्त शेड धरा. बाकीचं सोडा नाही म्हणत, पण ज्याचं त्याला वेगळं लिहा.

पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. "शेड काहून लावली नाही" असं विचारू नका, असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं बंधन नसतं. त्यांच्याजवळ असलेले कागद मागा: रस्त्याच्या कामाच्या अंदाजपत्रकात शेड होती का, असेल तर त्या पानाची प्रत, त्या कामाचं बिल. अंदाजपत्रकात शेड सापडली तर अर्धी लढाई तिथेच जिंकली समजा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 चा स्टॅम्प. आणि हे लेटरहेडवर नाही. हा हक्क नागरिकाचा आहे, मंडळाच्या नावाने टाकला की फेटाळायला आयतं कारण मिळतं.

दुसरं, लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात तो दिवस. महापालिकेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याचा पहिला सोमवार असतो. विहित नमुन्यात अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. मंडळं इथेच फसतात. अध्यक्ष-सचिवांच्या सहीचं सामूहिक निवेदन घेऊन जातात अन् बसत नाही म्हणून परत येतात. तुम्ही बैठक एकत्र घ्या, अर्ज मात्र एकेकाच्या नावाने करा. "मी, वय 78, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दर महिन्याला या थांब्यावरून दवाखान्यात जाते, तिथे बसायला जागा नाही, सावली नाही." ही झाली वैयक्तिक तक्रार. अशा पंधरा-वीस आज्या एकाच सोमवारी येऊन बसल्या की आत काय धावपळ होते ते मी टेबलाच्या त्या बाजूने पाहिलं आहे.

धरण्याचं मला वावडं नाही. पण उन्हाळ्यात नको बाप्पा, कोणाला भोवळ आली तर बातमी तिचीच होईल अन् शेड राहील बाजूला.

हिंगणा_एमआयडीसी

ताई, ईपीएसचा कागद वेगळा करा म्हणता ते पटलं, पण तो मागे पडू देऊ नका. किमान पेन्शन 2014 पासून 1000 वरच अडकली आहे. त्याच्या आदल्या वर्षी संसदेच्या कोश्यारी समितीने 3000 ची शिफारस केली होती. हजारात महिन्याच्या बीपी-शुगरच्या गोळ्या तरी येतात का? हिवाळी अधिवेशनात आम्हीही मोर्चात चालतो, पण हा निर्णय विधानभवनात होत नाही, दिल्लीत होतो. खासदाराच्या कार्यालयात लेखी द्या. शिक्का तिथेही मागा.

दक्षिण_नागपूरकर

प्रत काढून पाहिली. शिक्का नाही. सही आहे, पण कोणाची ते वाचता येऊन नाही राहिलं. पुढच्या बैठकीत एकेकाच्या नावाने अर्ज लिहायला घेतो. अडचण अशी की काही बायांना लिहिता येत नाही, आणि दोघा-तिघांची मुलं म्हणतात, आमच्या घरचं नाव कुठे नको.

आवक_जावक_ताई

अंगठा चालतो. बाजूला लिहून देणाऱ्याचं नाव टाका. माहिती अधिकारात तर तोंडी सांगितलेलं लिहून घ्यायला अधिकाऱ्यानेच मदत करायची, असं कलम 6 मध्ये आहे. मुलं नको म्हणतात त्यांना ओढू नका. त्यांना शिक्का मारून आणायला पाठवा, तिथे नाव लागत नाही. स्टॅम्प सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयाजवळ मिळतील. 20 चे पण आताच घेऊन ठेवा, अपिलात जावं लागेल असंच धरून चाला.