विंडोज सोडून लिनक्सवर जायचंय, मदत हवी आहे

मंडळी, विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि माझ्या लॅपटॉपला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून विंडोज ११ काही चढत नाही, मशीन तसं ठणठणीत आहे, भंगारात काढायला जीव होत नाही, तर आता लिनक्स मिंट टाकायचं म्हणतोय. ब्राउझर, व्हीएलसी वगैरे तिथेही मिळतं, त्याची चिंता नाही. खरी गोची एक्सेलची, फायलींत मॅक्रो (कामं आपोआप करणारे छोटे प्रोग्राम) भरपूर आहेत, ते लिबरऑफिसमध्ये नीट चालतात का? वाइनच्या (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) भानगडीत शक्यतो पडायचं नाहीये. फोटोंसाठी गिंप पुरेल ना? आणि मला इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्ड) येतं पण घरच्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय, त्यांच्यासाठी आयबसमध्ये (लिनक्सवर वेगवेगळ्या भाषांत टाइप करायची सोय) काय लावायचं? रोज वापरणाऱ्यांनीच सांगा प्लीज, व्हिडिओ बघून डोकं गरगरतंय.