मदत हवी आहे: सिल्व्हर गाडीचा नवा बंपर नि फेंडर मूळ रंगाला जुळवून रंगवायचाय (फोंडा)

अंत्रूजकर
नमस्कार मंडळी. मारुती स्विफ्ट, सिल्की सिल्व्हर, आठ वर्षांची. पुढचा बंपर आणि डावा फेंडर (चाकावरचा पत्रा) नवे आणलेत, अजून सुटेच आहेत. बंपर कच्च्या काळ्या प्लॅस्टिकचा, फेंडरवर काळा प्रायमर. गॅरेजवाला म्हणतो, भाग ठेवून जा, कंपनीच्या रंगाच्या कोडवरून रंग मारतो, गाडी नको. गाडी न नेता रंग जुळेल का? काळ्या प्रायमरवर थेट रंग चालतो का? गणेश चवथीला गाडी लागणार आहे, तर या पावसात काम करून घ्यावं का?

पाणीपेपर
साधा पांढरा असता तर ठेवून या म्हटलं असतं. सिल्व्हरला गाडी न्यावीच लागते.

कोड झेड२एस, पण कोडने काम नुसतं सुरू होतं. एकाच कोडमध्ये थोडा फिकट, थोडा निळसर असे प्रकार निघतात, आणि रंग मिसळणाऱ्या चांगल्या दुकानात त्यांच्या नमुना-पट्ट्या असतात. आधी दरवाजाचा वीतभर भाग धुऊन पॉलिश करायला सांगा. तांबड्या धुळीच्या थरावर पट्टी धरून काय कळणार? मग तयार रंग एका कार्डावर त्याच गनने, तेवढेच कोट देऊन, वर लॅकर (चमकीचा पारदर्शक थर) मारून वाळवा आणि दरवाजाला लावून बघा. उन्हात, सावलीत, समोरून आणि तिरकं. समोरून जुळतो आणि तिरका काळपट दिसतो, ही सिल्व्हरची नेहमीची खोड.

दोष बहुतेक वेळा डब्यात नसतो, हातात असतो. ओला, जाड कोट बसला की सिल्व्हर गडद दिसतो. लांबून, कोरडा मारला की फिकट. म्हणून दोन कोट झाल्यावर शेवटचा हलका कोट थोडा लांबून, प्रेशर कमी करून सगळीकडे सारखा मारतात. बंपर जमिनीवर आडवा ठेवून रंगवला तर ढगाळ डाग पडतात, तो गाडीवर बसतो तसा उभा टांगायला हवा. बंपर, फेंडर आणि दरवाजा मिळून अर्धा लिटर बेस (लॅकरखालचा सिल्व्हर रंग) धरा, सगळा एकदाच मिसळून घ्या. मध्येच कमी पडला की दुसऱ्यांदा मिसळलेला रंग पहिल्यासारखा निघेलच असं नाही.

म्हापसेकर
प्रायमरचं मी सांगतो. फडक्यावर थिनर घेऊन फेंडरचा काळा थर घासा. फडकं काळं झालं तर तो थर काढूनच टाकायचा, त्यावर काहीही टिकणार नाही. नाही झालं तर तो कंपनीचा पक्का थर आहे, पत्रा उघडा करू नका. ४०० च्या पेपरने नुसतं खरखरीत करून वर टू-के प्रायमर (हार्डनर मिसळून मारायचा), तो वाळल्यावर ८०० ने पाणी मारून घासणं, मग रंग. फेंडरच्या आतल्या कडा बसवण्याआधीच रंगवून घ्या. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच वर येतो.

कच्च्या बंपरचं प्रकरण वेगळं. साच्यातून सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर त्यावर असतो. साबणाच्या पाण्याने धुणं, राखाडी स्कॉचब्राइटने घासणं, प्लॅस्टिक क्लीनरने पुसणं, आणि त्यानंतर प्लॅस्टिक प्रायमरचा एक पातळ कोट. हा कोट चुकवला की पहिल्या प्रेशर वॉशला रंगाचा पापुद्रा निघतो. गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, "प्लॅस्टिकला कुठला प्रायमर मारता?" उत्तर अडखळलं तर भाग उचलून परत आणा.

आणि बंपर-फेंडरमध्ये किंचित फरक राहिला तर लगेच भांडू नका. कंपनीतसुद्धा प्लॅस्टिकचा बंपर बॉडीपासून वेगळा, कमी तापमानाला रंगवतात.

पाणीपेपर
पावसाचं राहिलं. रंगवायची बंद खोली, म्हणजे बूथ, असेल तर खुशाल करा. उघडी शेड असेल तर पाऊस सरेपर्यंत थांबा, काळ्या बंपरने चवथ साजरी करा. हवेतली ओल तीन ठिकाणी घुसते. एक, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि गनमधून थेंब येतात. टाकी रोज रिकामी करायची, पाइपला फिल्टर हवा. दोन, लॅकर घट्ट व्हायला त्यात मिसळतात ते हार्डनर ओल ओढतं. आठवडाभर उघडा राहिलेला डबा नको, नवा तुमच्यासमोर फोडायला लावा. तीन, कुठे पुट्टी भरलीच तर ती कोरडीच घासायची. पुट्टी पाणी पिते आणि दोन महिन्यांनी फोड येतात. स्वस्त, भराभर उडणारा थिनर दमट हवेत रंगावर पांढुरकी धुरी आणतो, संथ थिनर मागा.

लॅकरचे दोन कोट, मध्ये दहा-पंधरा मिनिटं. ६० अंशांवर अर्धा तास भाजणं. बंपरला खालून आधार द्यायला सांगा, गरम प्लॅस्टिक वाकतं.

अंत्रूजकर
आभार! एकच शंका. दरवाजाला कशाला रंग? त्याचा कंपनीचा लॅकर चांगला आहे.

पाणीपेपर
रंग दरवाजाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच, विरत विरत. नव्या फेंडरशेजारी आठ वर्षं उन्हात तापलेला दरवाजा आला की उडी दिसते, ती मोडायला हे करतात. लॅकर मात्र पूर्ण दरवाजाला, कडेपासून कडेपर्यंत. मध्येच तोडलेल्या लॅकरची रेघ काही महिन्यांत उठून दिसते आणि मग पॉलिशनेही जात नाही. दराची चौकशी करताना "दरवाजा धरून" असं स्पष्ट विचारा, नाहीतर तो नंतर वेगळा लावतात.