मदत हवी आहे: २२ एप्रिलचं रक्तदान वर्षभर कसं पसरवायचं?

नमस्कार. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात २२ एप्रिल २०२५ ला २६ माणसं गेली. त्यांच्या स्मृतिदिनी शहराच्या पूर्व भागातलं आमचं मंडळ मेणबत्त्यांऐवजी रक्तदान ठेवतंय.

अडचण अशी की अशा दिवशी सगळे एकदमच येतात. साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) जेमतेम ५. एकदम दीडशे पिशव्या जमल्या तर काही वाया जायची भीती, आणि तेच दाते पुढे अडकतात, पुन्हा रक्त देता येत नाही: पुरुष ९० दिवस, बायका १२० दिवस. मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं कमी. थॅलेसेमियाच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतंच. त्या दिवशी जिवाची जी किंमत कळली, ती या लेकरांपर्यंत पोचायला हवी, असं मनापासून वाटतं.

म्हणून त्या दिवशी तीसच दाते घेणार, बाकीच्यांची नोंद करणार: नाव, रक्तगट, फोन, कोणता महिना. ऊन चाळिशीपार असतं, त्यामुळे वेळ सकाळी ७ ते १०. आधी नाश्ता आणि अर्धा लिटर पाणी सक्तीचं. उपाशी आलेला माणूस उठता उठता भोवळ येऊन पडू शकतो.

जाणकारांनी कृपया सांगा: महिनावार यादी प्रत्यक्षात टिकते का? आठवणीचा फोन किती दिवस आधी करावा? आणि बिडी वळणाऱ्या मावश्या मोठ्या आशेने येतात, पण हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरलं की बोटाला कापूस धरून परत जातात. त्यांची तपासणी दोन-तीन महिने आधी वस्तीतच कशी करून घेता येईल?