खेळाच्या सिनेमात घोळ चालतो, इतिहासाच्या सिनेमात चालत नाही

आर्वीकडचा मास्तर
राजेहो, मागच्या चाचणीत सातवीच्या एका पोराने संभाजी महाराजांवरच्या प्रश्नाला उत्तर लिहिलं, ‘बुऱ्हाणपूरच्या स्वारीत महाराजांनी सिंहाचा जबडा फाडला.’ अक्षर मोत्यासारखं, वाक्याखाली पट्टीने दोन रेघा. बुऱ्हाणपूरची स्वारी खरी, १६८१ सालची. सिंह ‘छावा’ सिनेमातला. गुण कापले तर पोरगं म्हणतं, ‘सर, मी स्वतः पाहिलं.’

हे ‘स्वतः पाहिलं’ मला झोपू देत नाही.

खेळाच्या सिनेमात मी असला घोळ पोटात घालतो. कुस्तीवरच्या ‘दंगल’मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या फायनलच्या वेळी बापाला खोलीत कोंडतात आणि गीता फोगट अगदी शेवटच्या क्षणी जिंकते. दिल्लीत २०१० साली प्रत्यक्षात तिने ती फायनल सहज मारली होती, आणि बापाला कोणी कोंडलं नव्हतं. पण पदक खरं, साल खरं. ज्याला शंका असेल त्याने निकाल काढून पाहावा. १९८३ च्या क्रिकेट विश्वचषकावरचा ‘८३’ घ्या. झिम्बाब्वेविरुद्ध १७ धावांत ५ गडी बाद आणि तरीही कपिलच्या नाबाद १७५. त्या सामन्याचं चित्रण कुठेच नाही. माझ्या वडिलांनी ती खेळी फक्त पेपरात वाचलेली. टाकीजात ती पडद्यावर आली तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेला माणूस खुर्ची सोडून उभा राहिला, षटक संपेपर्यंत बसला नाही. त्या दृश्यात दिग्दर्शकाने दोन चौकार इकडचे तिकडे केले असतील तर माझी काही तक्रार नाही. धावफलक छापलेला आहे.

इतिहासाचा धावफलक मोडीत आणि फारसीत पडलेला. आमच्या गावात तो कोण वाचणार? तिथे सिनेमा म्हणेल तेच खरं होऊन बसतं.

दर्यापूरचा भाऊ
मास्तर, मले नाही पटत. सिंहाचा जबडा फाडतानाचा महाराजांचा फोटो आमच्या चौकातल्या पानठेल्यावर ‘छावा’च्या कितीतरी आधीपासून लागेल हाये. पोट्ट्याच्या डोक्यात सिंह सिनेमानं नाही घातला, आपल्याच लोकायनं घातला.

अन् मी काय पायलं ते सांगतो. माही माय आयुष्यात टाकीजात गेली नव्हती. फेब्रुवारीत तूर विकली अन् घरच्या सगळ्यायले गाडी करून ‘छावा’ दाखवाले नेलं. शेवटी महाराजांचे हाल सुरू झाले तं तिनं पदर तोंडात कोंबला. म्हनलं, माय, रडू नोको. म्हने, रडू दे. सगळे लोक बसूनच, उठाले कोनी तयार नाही. तुमच्या पुस्तकातल्या दीड पानानं हे कधी झालं काय? पह्यले मानूस त्या राजाच्या जवळ तं गेला पायजे. सन-सनावळी मंग शिकवा ना.

सकाळी पाचचं मैदान
सर, इतिहासाचं तुमचं पटलं. खेळाचं अजिबात नाही.

मी अकरा वर्षं मुलींना कबड्डी शिकवते. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजाची कीर्ती एका दृश्याने उणी होत नाही. ‘दंगल’मधल्या प्रशिक्षकाचं काय? पात्राचं नाव बदललं, पण गीताच्या वेळचे खरे प्रशिक्षक हयात होते. त्यांनी जाहीरपणे नाराजी सांगितली. तोवर देशभर लोक त्या पात्राला शिव्या घालून घरी गेले होते. दोन चौकार इकडचे तिकडे करणं वेगळं, जिवंत माणसाला खलनायक करणं वेगळं.

त्याची झळ मला लागली आहे. तालुक्याच्या सामन्यात एका मुलीचे वडील मैदानाच्या रेषेला चिकटून ओरडत होते, ‘बोनस घे, बोनस घे!’ मी त्यांना मागे व्हायला सांगितलं, तर चारचौघांत म्हणाले, ‘तुम्ही पण त्या सिनेमातल्या कोचसारख्याच.’ पोरगी चढाईवर होती. आवाजाने तिने मान वळवली, तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातल्या मुलीने घोटा धरला. गेला गुण. त्या रात्री ती माझ्याशी बोलली नाही, वडिलांशीही नाही.

खेळाचा सिनेमा मला हवा तो ‘भाग मिल्खा भाग’सारखा. त्यातही फुलवून सांगितलेलं बरंच आहे. पण तो सुरूच होतो १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधल्या शर्यतीपासून, मिल्खा सिंगच्या चौथ्या क्रमांकापासून. चौथं येणं काय असतं ते माझ्या मुलींना दाखवायला मला दुसरं साधन नाही.

आर्वीकडचा मास्तर
ताई, प्रशिक्षकाचं मान्य. त्या बाजूने मी विचारच केला नव्हता. निकालाच्या कागदावर पदक सापडतं, प्रशिक्षकाची अब्रू सापडत नाही.

दर्यापूरचे भाऊ, तुमच्या आईचं वाचून मीही थांबलो. तरी एक विचारतो. ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये लेझीम होतं, लोक नाराज झाले आणि ते दृश्य काढलं. सिंहावर कोणी बोललं नाही, तो राहिला. म्हणजे आपण फक्त मान-अपमान तपासला. खरं-खोटं तपासायला कोणी बसलंच नाही.

वडशाकडचा
मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातला. दिवाळी झाली की आमच्याकडे मंडईची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. आमच्या नाटकातही राजे येतात, लांबलांब भाषणं करतात, पुस्तकात नसलेलं पुष्कळ बोलतात. लोक टाळ्या वाजवतात, रडतात, पण फसत नाहीत. कारण रात्रीचा राजा सकाळी धानाच्या मळणीवर दिसतो, मिशीचा डिंक गालावर तसाच.

सिनेमाचा राजा आपल्याला मळणीवर दिसत नाही. वर सुरुवातीला ‘कल्पनेचा आधार घेतला आहे’ असं बारीक इंग्रजीत दोन-तीन सेकंद येतं. माझ्या मोठ्या आईला ते कसं वाचता येणार? तेच मराठीत, मोठ्या आवाजात वाचून दाखवा. मग खुशाल सिंह आणा, मी शिट्टी वाजवीन.

चिमूरची लेक
तुम्ही सगळे दाखवलेल्याचं खरं-खोटं करता आहात. मी न दाखवलेल्याचं बोलते.

टाकीजात पाहिलेल्या एकाही ऐतिहासिक सिनेमात मला माझा मुलूख दिसला नाही. बाबूराव शेडमाके पंचविशीत इंग्रजांशी लढले, २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपुरात फाशी गेले. १६ ऑगस्ट १९४२ ला माझ्या गावात लोकांनी इंग्रजांची सत्ता उलथवली. आमच्या घरी हे जेवताना सांगतात.

खेळाच्या सिनेमाने निदान एकदा तरी आमच्याकडे पाहिलं. ‘झुंड’मध्ये पडद्यावरची पोरं आमच्यासारखी बोलली, कारण ती नागपूरचीच होती. विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, ती गोष्ट बाहेरून कोणी आणली नव्हती. आणि रणजी करंडक? विदर्भाने तो पहिल्यांदा जिंकला १ जानेवारी २०१८ ला, इंदूरला, दिल्लीसारख्या संघाला नऊ गड्यांनी हरवून. आमचा गोलंदाज गुरबानी, त्याची त्या फायनलमध्ये हॅटट्रिक. ह्यात तर एक धावसुद्धा वाढवावी लागत नाही.

दर्यापूरचा भाऊ
ताई, तुमचं शंभर टक्के खरं. पन पैसा लावनारा म्हनते, चिमूर मुंबई-पुन्याच्या मानसाले माहीत नाही. मले वाटते म्हनूनच गर्दीचे सिनेमे आधी चालले पायजे. ‘छावा’ले जे लोक पह्यल्यांदा टाकीजात आले, तेच उद्या शेडमाक्याले येतीन. माही माय येईन, हे मी लिहून देतो.

चिमूरची लेक
भाऊ, वाट पाहून माझी आजी गेली. आणि माहीत नाही म्हणून दाखवायचं नाही, तर माहीत कधी होणार?

आर्वीकडचा मास्तर
ताई, तुमचं वाचल्यावर मला माझंच लाजिरवाणं वाटलं. आष्टी माझ्या शाळेपासून जवळ. त्याच १६ ऑगस्टला तिथेही लोक ठाण्यावर गेले, गोळ्या खाल्ल्या. पंधरा वर्षांत मी एकही वर्ग तिथे नेला नाही. सिनेमाला दोष देत बसलो.

त्या पोराला आज बोलावलं होतं. कापलेला गुण मी दिला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवीला घेऊन आष्टीला जायचं ठरलंय. तो म्हणाला, ‘सर, तिथे काय पाहायला मिळेल?’ त्याला म्हटलं, वही घे, जे दिसेल ते लिही.