शपथपत्र आणि डिस्चार्ज बुक

उमेदवाराची लष्करी सेवा खरी की खोटी हे शपथपत्रावरूनच कळते, असे म्हटले जाते; ते मला पटत नाही. उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या या शपथपत्राच्या नमुन्यात, म्हणजे नमुना २६ मध्ये, खटले, मालमत्ता, देणी, शिक्षण, व्यवसाय अशी माहिती मागितली जाते, पण सैन्यसेवेसाठी स्वतंत्र रकाना नाही. त्यामुळे फलकावर ‘माजी सैनिक’ असे छापणारा उमेदवार त्याविषयी शपथेवर काही सांगतोच असे नाही. कायदा अडवतो तो बडतर्फांना. सरकारी सेवेतून बडतर्फ होऊन पाच वर्षे उलटली नसतील, तर त्यामागे भ्रष्टाचार किंवा राज्यसंस्थेशी बेइमानी हे कारण नव्हते, असे निवडणूक आयोगाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेजबहादूर यादव यांचा वाराणसीतील अर्ज २०१९ मध्ये याच प्रमाणपत्राअभावी फेटाळला गेला.

खरी नोंद सापडते ती डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्त होताना सैनिकाला मिळणाऱ्या पुस्तकात. खडकीतल्या आमच्या घरी वडिलांचे ते पुस्तक पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या रेशनकार्डाखाली आहे. भरतीची तारीख, पदके, सेवामुक्तीचे कारण आणि चारित्र्याचा शेरा, सगळे त्यात आहे. प्रचारात मात्र (सोयीचे म्हणून असेल) गणवेशातला फोटोच फिरतो, आणि सेवामुक्तीचे कारण लिहिलेले पान कोणी मागतही नाही.