सोनं गाळताना विटकरी धूर छातीत गेला. आता बरं वाटतंय, तरी दवाखान्यात जायचं का?

तापीकाठचा (रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. गाव चोपडा तालुक्यात, काम जळगावला. सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत एक गाळणीची खोली आहे, तिथे तीन वर्षं आहे. वय 26.

काम थोडक्यात सांगतो. जुने दागिने मोडीत येतात. त्यांत चांदी मिसळून मुशीत आटवायचं, सोनं साधारण चौथा हिस्सा राहील असं. मग तो माल पाण्यात ओतून दाणे करायचे आणि शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक ॲसिडमध्ये टाकायचे. चांदी-तांबं विरघळतं, खाली सोन्याची तपकिरी माती उरते. ती धुवून पुन्हा आटवली की लगड तयार.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आठ दिवसांवर आली, मोडीचा ढीग पडलाय. आज दुपारी 400 ग्रॅम सोनं आणि सव्वा किलोच्या आसपास चांदी एकाच भांड्यात होती. एरवी मी तेजाब थोडं थोडं सोडतो. आज शेठ म्हणाले, "संध्याकाळी गिऱ्हाईक येणार आहे, होऊ दे." अडीच लिटरची बाटली जवळजवळ सगळी गेली. एक्झॉस्टचा पंखा चार दिवसांपासून बंद, त्याची पाती तेजाबाच्या वाफेने खाल्लीत. आत सोनं म्हणून दार कायम बंद. बाहेर 44 डिग्री, म्हणून कूलर लावलेला.

मिनिटभरात भांडं उकळल्यासारखं झालं आणि विटकरी धूर निघाला. दर वेळी निघतोच, पण आज समोरची भिंत दिसेना. शेठने कडी काढेपर्यंत पाच-सात मिनिटं गेली असतील. मी ओला रुमाल बांधला होता. भोपाळला ओलं कापड बांधलेले वाचले असं ऐकलंय ना.

बाहेर येऊन खोकलो, डोळ्यांतून पाणी आलं. दहा मिनिटांनी चहा घेतला, एकदम ठीक. शेठने थंड दूध पाजलं. मग सात वाजेपर्यंत काम पण केलं. आता खोलीवर आहे. खोकल्याची ढास येतेय आणि जिना चढताना दम लागला. तेजाबाने बोटं तर कायमच हळद लागलेल्या नवरदेवासारखी पिवळी असतात, त्याचं काही नाही. रूममेट म्हणतो गॅसेस झालेत. सकाळी दाखवू का?

भुसावळ लोकल (रात्री 9:52)

भो, टेन्शन नको घेऊ. गुळाचा खडा खा, वरून गरम दूध. आमच्या फॅक्टरीत धुळीच्या खात्यात रोज गूळ वाटतात, धूळ-धूर सगळं खाली बसतं. डावीकडे कूस करून झोप. सकाळी फ्रेश.

नाना अमळनेर (रात्री 9:58)

झोपू नको. सकाळची वाट तर अजिबात पाहू नको.

पोरा, मी 31 वर्षं गुजरातेत अंकलेश्वरच्या केमिकल कारखान्यांत काढली, त्यातली निम्मी नायट्रेशन प्लांटवर, म्हणजे जिथे नायट्रिक ॲसिड वापरून केमिकल बनवतात. हा विटकरी धूर मी ओळखतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. क्लोरीन किंवा अमोनिया नाकात गेला की माणूस शिव्या देत पळतो, कारण ते वायू पाण्यात पटकन विरघळतात आणि नाक-घसा लगेच जाळतात. हा तसा विरघळत नाही. वरच्या वर थोडा ठसका देतो आणि बाकीचा सरळ फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथल्या ओलीत सावकाश त्याचं ॲसिड बनतं. मग फुप्फुसाच्या फुग्यांत पाणी झिरपायला लागतं. याला चार तास लागतात, कधी चोवीस. मधल्या वेळात माणूस चहा पितो, हसतो, कामही करतो. तू केलंस तसंच.

आमच्या प्लांटवर नियम होता. विटकरी धूर घेतलेला माणूस कितीही ठणठणीत दिसो, चोवीस तास घरी सोडायचा नाही. तो नियम झाला त्याला कारण होतं. एक जण दुपारी धूर घेऊन सायकलवर घरी गेला, रात्री पत्ते खेळला, पहाटे तोंडाला गुलाबी फेस. पुढचं आज रात्री नको.

तुला दुपारी साडेतीन धरले तर सहा तास झाले आणि दम सुरू झालाय. 108 ला फोन कर, नाहीतर रिक्षा. जिना स्वतः चालत उतरू नको, रूममेटचा आधार घे. श्रम केले की पाणी लवकर भरतं. आडवा पडू नको, बसून राहा. आणि डॉक्टरला "गॅसेस" किंवा "दमा" सांगू नको. शब्द लिहून घे: नायट्रिक ॲसिडचा धूर, नायट्रोजन डायऑक्साइड, बंद खोली, पाच ते सात मिनिटं, दुपारी साडेतीन.

भुसावळवाले भाऊ, रागावू नका, पण गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो आणि धूर श्वासनलिकेतून फुप्फुसात. दोघांची वाटेत भेट होत नाही. तो गूळ वाटून तुमचा मालक मास्कचे पैसे वाचवतो.

सिस्टरताई (रात्री 10:05)

नानांनी सांगितलं ते शंभर टक्के. मी धुळ्याला आयसीयूत आहे. कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर कुणाकडे असेल तर बोटाला लावून आकडा सांगा. पण आकडा चांगला आला म्हणून थांबायचं नाही, आधी निघायचं. ओठ निळसर दिसतात का ते रूममेटला बघायला सांगा. दुपारचे कपडे अंगावर असतील तर बदला.

तापीकाठचा (रात्री 10:11)

खालच्या काकूंकडे मशीन आहे. 91. रिक्षा आली.

नाना अमळनेर (रात्री 10:12)

जाय भाऊ, आते काही लिखू नको.

विट्याचा गलाईवाला (दुसऱ्या दिवशी, सकाळी 7:30)

पोराचं काय झालं, कळलं का कुणाला?

आम्ही विट्याकडची माणसं, गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा, आमच्या तीन पिढ्यांत. मी धुळ्यात बावीस वर्षं आहे. असा धूर मीही घेतलाय, नशिबाने थोडा. आमचे चुलते शेवटी शेवटी दोन वाक्यं बोलून थांबायचे, श्वास घ्यायला. तेव्हा कुणी धुराशी संबंध लावला नाही. बिडी म्हणायचे. बिडी ओढायचेच म्हणा.

ओल्या रुमालाबद्दल एक. भोपाळचा मिथाइल आयसोसायनेट पाण्याशी रिॲक्ट होतो, म्हणून तिथे ओल्या कापडाचा काही उपयोग असेल. प्रत्येक वायूला तो तोडगा लागू नाही. कोविडचा एन-95 पण यात कामाचा नाही. तो कण अडवतो, वायू नाही.

तापीकाठचा (पाच दिवसांनी)

मंडळी, जिवंत आहे. काल सोडलं.

त्या रात्री पोचेपर्यंत 86 झालं होतं. ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरने आधी विचारलं, "दारू प्यायलास?" मी कागद पुढे केला. त्याने वाचला, फोनवर काहीतरी बघितलं आणि मग धावपळ सुरू. एक्स-रेत दोन्ही बाजूंनी कापूस पिंजून भरल्यासारखं दिसत होतं. मास्कने जोराचा ऑक्सिजन, स्टेरॉइड. बुडतोय असं वाटायचं, पण पाणी बाहेर नाही, आत. मी तापीत पोहायला शिकलेला माणूस आहे, मला ते बरोबर कळलं. तिसऱ्या दिवशी श्वास सुटला. आईने गावाहून कळण्याची भाकरी आणली. दोन घास खाल्ले आणि रडू आलं, का ते माहीत नाही.

शेठ येऊन गेले. बिलाचे अर्धे पैसे दिले. म्हणाले, "तेजाब तूच जास्त ओतलंस." ओतलं मीच, खरं आहे.

विट्याच्या दादा, तुम्ही धूर कसा काढता ते नीट सांगा ना.

विट्याचा गलाईवाला (त्याच दिवशी)

सांगतो. पहिली गोष्ट घाई. धूर निम्मा घाईतून येतो. कडक तेजाब एकदम पडलं की भांडं तापतं, तापलं की आणखी जोरात चालतं, मग ते कुणाच्या हातात राहत नाही. आम्ही तेजाब आधीच निम्म्या डिस्टिल्ड पाण्यात पातळ करतो. पाण्यात तेजाब सोडायचं, तेजाबात पाणी कधीच नाही. मग दाण्यांवर कपाकपाने. एक कप शांत झाला की दुसरा. वेळ दुप्पट लागतो. गिऱ्हाईकाला बाहेर बसवायचं, चहा पाजायचा.

दुसरं, भांडं उघडं नको. काचेची कपाट-पेटी, पुढचं दार वर सरकणारं, खाली फक्त हात जाईल एवढी फट. पेटीतून पाईप काढून कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवायचा. एका ड्रमने भागत नाही, कारण सुरुवातीला निघणारा नायट्रिक ऑक्साइड बिनरंगी असतो आणि कॉस्टिकमध्ये नीट शोषला जात नाही. हवेत मिसळल्यावर तो विटकरी होतो. म्हणून आमचे तीन ड्रम आहेत, मधल्यात हायड्रोजन पेरॉक्साइड. पंखा तिसऱ्या ड्रमच्या पुढे आणि तोही प्लास्टिकचा. तुमच्या शेठने लोखंडी पंखा सरळ धुरात लावला, तो कुजणारच. जळगावात राहून पीव्हीसी पाईपची कमतरता आहे का हो? अख्ख्या देशाला पाईप तिथून जातो.

आणखी एक, हे माझ्या डोळ्यासमोर झालंय. नायट्रिक सांडलं की लोक लाकडाचा भुसा नाहीतर गोणपाट टाकतात. टाकू नका. भुसा पेट घेतो आणि धूर वेगळा. खान्देशात हाताशी कापूस, सरकीची पोती कायम, ती पण लांब ठेवायची. भरपूर पाणी, मग खायचा सोडा हळूहळू टाकायचा. अंगावर उडालं तर कपडे काढून नळाखाली किमान पंधरा मिनिटं. तिथे सोडा चोळायचा नाही.

नाना अमळनेर (त्याच संध्याकाळी)

दादांनी छान सांगितलं. मी फक्त कूलरबद्दल बोलतो, कारण मला तो डोळ्यासमोरून हलत नाहीये. हा वायू हवेपेक्षा जड. शांत हवेत तो खाली साचतो आणि आपले कारागीर मांडी घालून बसलेले, म्हणजे नाक बरोबर त्या उंचीला. बंद खोलीत कूलर लावला की तो धूर बाहेर जात नाही, ढवळला जातो. शेठला वाटतं हवा खेळतेय.

"तेजाब तूच ओतलंस" याचं उत्तर मनात घोळवत बसू नको. पंखा चार दिवस बंद होता हे तू लिहिलंस, दार बंद होतं हेही लिहिलंस. डिस्चार्ज कार्डावर कारण काय लिहिलंय ते आधी बघ. "न्यूमोनिया" एवढंच असेल तर परत जा आणि नायट्रस फ्यूम्स, म्हणजे हाच विटकरी धूर, हा शब्द घालून घे. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, नायट्रस फ्यूम्सची विषबाधा होती. शिसं, पारा, आर्सेनिक यांच्याच रांगेत. तुमच्या पाच माणसांच्या खोलीला तो कायदा लागला असता का, हा वेगळा वाद. पण कागदावर शब्द नसेल तर नुकसानभरपाईची गोष्ट सुरूच होत नाही.

सिस्टरताई (दुसऱ्या दिवशी)

एक महत्त्वाचं राहिलं, आणि हे डिस्चार्जच्या गडबडीत सांगायचं राहून जातं. या वायूचा दुसरा फेरा असतो. बरं वाटून दोन ते सहा आठवडे जातात आणि मग पुन्हा ताप, खोकला, दम येऊ शकतो. बारीक श्वासनलिका आतून सुजून बंद व्हायला लागतात. लोक त्याला व्हायरल समजतात. तुमच्या गोळ्या मनाने बंद करू नका. पुढच्या दीड महिन्यात दम लागला तर त्याच कागदासकट यायचं.

भुसावळ लोकल (त्याच दिवशी)

भो, माफ कर. मी खरंच चांगल्या मनाने लिहिलं होतं. आमच्या खात्यात आज सुपरवायझरला विचारलं, गुळाऐवजी मास्क मिळेल का. तो म्हणाला दोन्ही मागू नको.

तापीकाठचा (तीन आठवड्यांनी)

गावी आहे. आखाजी झाली. पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या, मी ओट्यावर बसून ऐकली. बोटांचा पिवळेपणा चालला, नखं वाढतात तसा पुढे सरकतोय. विहिरीवरून घरी येताना एकदा थांबावं लागतं, पूर्वी लागत नव्हतं. ताई, ताप नाही. एक्स-रेची तारीख सोमवारी.

कार्डावर खरंच "न्यूमोनिया" होतं. नाना, तुमच्या सांगण्यावरून परत गेलो. तोच पोरसवदा डॉक्टर भेटला, त्याने काही न बोलता लिहून दिलं.

परत त्याच खोलीत जायचं की नाही ते ठरत नाहीये. माझ्या जागी एक बंगाली पोरगा बसवलाय, मिशी पण फुटलेली नाही. त्याला फोनवर कपाकपाने ओतायचं सांगितलं, तो हो हो म्हणतो. शेठने नवा एक्झॉस्ट मात्र लावला, फोटो पाठवला. ड्रम नाही, पाईप नाही, पंखा सरळ गल्लीत फेकतो. खिडकीला लागूनच एका शिंप्याची टपरी आहे, म्हातारबा दिवसभर मशीनवर वाकलेले असतात.

नाना अमळनेर (तासाभराने)

शिंप्याचा फोन नंबर आहे का तुझ्याकडे? नसेल तर सोमवारी एक्स-रेला येशील तेव्हा आधी त्याच्याकडे जा. मी पण येतो, 11 वाजता स्टेशनवर भेट. ड्रमचं शेठशी मी बोलतो.